हौसेला मोल नाही

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण आपल्याकडे बहुतेक वेळा लग्नसराईत ऐकू येते. शालूची किंमत सांगून झाली की कुणीतरी ती म्हणतं आणि विषय संपतो. हौस असली की माणूस पैशांकडे बघत नाही, असा तिचा अर्थ. मी चौदा वर्षं लिनक्स वापरते आहे. तेवढ्या काळात या म्हणीचा दुसरा, जरा कडू अर्थ माझ्या जास्त ओळखीचा झाला आहे: हौसेनं केलेल्या कामाचं मोल कुणी देत नाही.

मी संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही. पोटापाण्याचा उद्योग हिशेब तपासण्याचा. सोमवार ते शनिवार दुसऱ्यांचे जमाखर्च, रविवारी लिनक्स. म्हणजे नक्की काय करता, असं लोक विचारतात. तर, दुकानदारानं ‘भंगारात टाका’ म्हणून सांगितलेले नातेवाइकांचे लॅपटॉप गोळा करते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवते, जमलं तर रॅम वाढवते, हलकासा डिस्ट्रो टाकते आणि ते यंत्र कॉलेजात जाणाऱ्या कुणाला तरी देऊन टाकते. (लिनक्सचं कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा गाभा, आणि त्याच्यासोबत लागणारी बाकीची सॉफ्टवेअरं एकत्र बांधून मिळतात, त्या गाठोड्याला डिस्ट्रो म्हणतात.) एखादी दुपार टर्मिनलचे रंग बदलण्यातच जाते. उरलेल्या वेळात मुक्त सॉफ्टवेअरच्या मेनूंचं मराठी भाषांतर करते.

‘यातून मिळतं काय?’ हा पुढचा प्रश्न. पैसे मिळत नाहीत. पण हिशेब तपासायची सवय लागलेल्या बाईला हा प्रश्न असाच सोडून देता येत नाही. कारण लिनक्स आता काही मोजक्या हौशी लोकांपुरतं उरलेलं नाही. हा लेख तुम्ही अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर त्याच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो. २०२१ साली मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरमध्येही लिनक्स होतं. एवढी मोठी इमारत फावल्या वेळातून उभी राहिली, असं आपण कौतुकानं सांगतो. तो फावला वेळ कुणाचा होता, त्याला तो कुठून मिळाला आणि तो खर्च करताना कोण मोडलं, हे मात्र सांगायचं राहून जातं.

हेलसिंकीतला रिकामा वेळ

गोष्टीची सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या मुलानं मिनिक्सच्या न्यूजग्रुपवर कळवलं, की तो एक ऑपरेटिंग सिस्टम लिहितो आहे. हा केवळ छंद आहे, फार मोठं आणि व्यावसायिक असं काही होणार नाही, असंही त्यानं बजावलं होतं. त्या भाकितावर आजवर पुरेसे विनोद झालेले आहेत.

मला त्याच्या आधीचे तपशील अधिक महत्त्वाचे वाटतात. त्याचे आजोबा, लिओ टर्नक्विस्ट, हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी ‘कमोडोर व्हिक-२०’ हा घरगुती संगणक घेतला आणि नातवाला मांडीवर बसवून त्यावर प्रोग्रॅम टंकायला लावले. आई पत्रकार. मुलगा आईच्याच घरी राहत होता, त्यामुळे भाड्याची आणि जेवणाची चिंता नव्हती. फिनलंडमध्ये विद्यापीठाच्या शिक्षणाला फी नव्हती. जानेवारी १९९१मध्ये त्यानं ३८६ प्रोसेसरचा, ४ एमबी रॅम असलेला संगणक विकत घेतला, तो शैक्षणिक कर्जाच्या पैशांतून आणि हप्त्यांवर. १९८८ साली विद्यापीठात दाखल झालेल्या या मुलानं पदव्युत्तर पदवी घेतली १९९६ साली. मध्ये लष्करातली सक्तीची सेवा झाली, तरीही आठ वर्षं हा मोठा काळ आहे. त्याबद्दल त्याला कुणी घराबाहेर काढलं नाही.

हे मी त्याला कमी लेखायला सांगत नाही. त्याची बुद्धी आणि चिकाटी त्याचीच. पण बुद्धी आणि चिकाटी असलेली माणसं फिनलंडबाहेरही होती. १९९१च्या भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळतच नव्हतं. विदेश संचार निगमची ती सेवा सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ रोजी. घरी टेलिफोन हवा तर वर्षानुवर्षं वाट बघायची. इथल्या एखाद्या तितक्याच हुशार मुलाला संगणक मिळाला असता, तरी न्यूजग्रुपवर निरोप टाकायला तो जाणार कुठे? फावला वेळ म्हणजे केवळ रिकामे तास नव्हेत. त्यामागे घर, वीज, यंत्र, फोनची तार आणि नापास झालो तरी उपाशी राहणार नाही ही खात्री, एवढं सगळं लागतं.

शिवाय लिनसचा पायाही रिकामा नव्हता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ सालीच ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली होती आणि त्यासाठी पुढच्या वर्षी एमआयटीतली नोकरी सोडली होती. लिनसनं आपल्या कर्नलवर सर्वांत आधी चालवून पाहिले ते ग्नूचेच दोन प्रोग्रॅम: बॅश आणि जीसीसी. स्टॉलमन यांच्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर हा छंद नव्हता, तो नैतिक आग्रह होता. पुढे १९९२ साली लिनसनं आपल्या कर्नलला ग्नूचा जीपीएल परवाना लावला. वापरा, बदला, वाटा, विका. पण तुम्ही केलेले बदल पुढे वाटलेत, तर त्यांचा सोर्सही त्याच अटींवर द्या. हौसेनं दिलेला वेळ कुणी खिशात घालून पळू नये, याची ही कायदेशीर तजवीज होती.

आणि मोल? सुरुवातीला लोक पैसे पाठवू का विचारायचे, तेव्हा लिनस सांगायचा, पैसे नकोत, तुमच्या गावाचं पोस्टकार्ड पाठवा. पण संगणकाचे हप्ते बाकी होतेच. पुढे वापरकर्त्यांनी आपसात वर्गणी काढून ते फेडले. लिनक्सच्या इतिहासातला हा माझा सर्वांत आवडता व्यवहार. इथे हौसेला कुणीतरी मोल दिलं, आणि त्यामुळे हौस कुठेही बाटली नाही.

सीडी, फॉन्ट आणि आचारी

आपल्याकडे लिनक्स आलं ते तारेतून नाही, मासिकातून. १९९६पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळू लागली. डायल-अपवर एवढा ऐवज उतरवून घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून एक अंक दहा घरं फिरायचा. हा काळ मी पाहिलेला नाही. माझ्याहून वयानं मोठे लिनक्सवाले सांगतात, ते फक्त ऐकलं आहे. सीडीचा खोका जपून ठेवणाऱ्या माणसांना ओळखते मात्र.

सीडी आली तरी पडद्यावर मराठी दिसत नव्हती. ती दिसण्याची गोष्टही बरीचशी हौसेचीच. २०००च्या सुमारास ‘इंडलिनक्स’सारखे गट भारतीय भाषांसाठी उभे राहिले. ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांच्या मराठी भाषांतराचं काम स्वयंसेवकांनी उचललं. रेड हॅट कंपनीनं ‘लोहित’ फॉन्ट २००४ साली मुक्त परवान्याखाली दिले, आणि त्या फॉन्टांवर कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात काम झालं.

यात किती बारीक कष्ट आहेत, ते एका अक्षरावरून सांगते. आचार्यांना व्याख्यानाला बोलावतात आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाला. लिहिताना फरक एवढाच, की पहिल्या शब्दात रफार आहे आणि दुसऱ्यात आडवा, पापणीसारखा अर्धा र. हिंदीला या दुसऱ्या र-ची गरज पडत नाही, मराठीला पडते. त्यासाठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून तो साधायचा, हे ठरावं लागलं. मग फॉन्टमध्ये त्याची आकृती काढावी लागली. आणि ती योग्य जागी बसवणारा प्रोग्रॅम कुणीतरी लिहावा लागला. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून वेळ भागवावी लागे आणि ते कुठे नीट दिसायचं, कुठे नाही. अक्षरं बसवण्याचं काम आज बहुतेक ठिकाणी ‘हार्फबझ’ नावाची मुक्तस्रोत लायब्ररी करते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळीकडे तीच. तिचे मुख्य कर्ते बेहदाद इस्फहबोद मूळचे इराणी आहेत, आणि नावही फारसीच. आपला आचारी आज आचारीच राहतो, यात एका फारसी भाषकाच्या मेहनतीचा वाटा आहे.

भाषांतराची गंमत वेगळीच. प्रोग्रॅम बंद करण्याच्या आज्ञेला इंग्रजीत ‘किल’ म्हणतात. त्याला ‘मारा’ म्हणावं का ‘थांबवा’? ‘मारा’ म्हटलं तर सासूबाईंच्या लॅपटॉपवर एक दिवस ‘अनाथ बालप्रक्रिया मारा’ असं वाक्य उमटू शकतं. तांत्रिकदृष्ट्या ते अगदी बरोबर असेल. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ की ‘साठवा’? मी ‘साठवा’च्या बाजूनं आहे. जतन लोणचंही करतात, पण रोज वीस वेळा नाही. अशा एकेका शब्दावर मी अर्धा अर्धा तास घालवते. त्याचे पैसे नाहीत, नाव कुठेतरी तळाशी बारीक अक्षरांत. तरी दुसऱ्या कुणाच्या पडद्यावर आपला शब्द दिसला, की आनंद होतो तो होतोच.

रविवार कुणाचा?

आता या हिशेबातला तो आकडा, जो मला सर्वांत जास्त टोचतो. केंद्र सरकारनं २०१९ साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं तिच्यात निघालं. तेही घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आकडा. मुळात करतच नाहीत ते यात धरलेले नाहीत. फरक २०२ मिनिटांचा, म्हणजे सव्वातीन तासांहून जास्त. लिनक्स साधारण अशाच तासांतून उभं राहिलं आहे.

मग लिनक्सच्या जगात बायका इतक्या कमी का, हे कोडं उरत नाही. २००२ साली युरोपात झालेल्या एका मोठ्या पाहणीत मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांमध्ये बायका जेमतेम एक टक्का निघाल्या. त्याला मेलिंग लिस्टांवरची उर्मट भाषा आणि टोमणेही कारणीभूत होते. पण रविवारची दुपार मोकळी नसेल, तर टोमणे ऐकायला तरी कोण येणार? माझी दुपार मोकळी असते, कारण आमच्या घरी रविवारचा स्वयंपाक नवरा करतो. माझ्या लिनक्सप्रेमाच्या इतिहासात ही ओळ कर्नलच्या कुठल्याही आवृत्तीहून महत्त्वाची आहे.

यावर उपाय शोधला तो ग्नोमच्या लोकांनी. २००६ साली गूगलच्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी ग्नोमकडे १८१ अर्ज आले. त्यात एकही बाई नव्हती. तेव्हा त्यांनी खास बायकांसाठी वेतन असलेली उमेदवारी सुरू केली, आणि अर्ज येऊ लागले. बायका होत्याच, त्यांच्या वेळेला किंमत आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं. हाच उपक्रम २०१०मध्ये नव्यानं उभा राहिला. आज तो ‘आउटरीची’ नावानं चालतो, आणि इतर वंचित गटांनाही त्यात जागा आहे. पैसे आले की हौस मरते, असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते. इथे पैशांमुळे हौशी माणसं वाढली.

भूल देणारा डॉक्टर

पैसा आला की दुसरंही काहीतरी होतं, हे नाकारता येत नाही. कॉन कोलिव्हास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. पेशानं प्रोग्रॅमर नाहीत. लिनक्सवर गाणं ऐकताना आवाज तुटतो, माऊस अडखळतो, हे त्यांना खटकलं. त्यासाठी ते सी भाषा शिकले आणि कर्नलच्या ‘शेड्यूलर’वर काम करू लागले. प्रोसेसरचा वेळ कुठल्या प्रोग्रॅमला किती द्यायचा, ते शेड्यूलर ठरवतो. सर्वांना न्याय्य वाटा मिळावा, अशी त्यांची मांडणी होती. घरी साधा संगणक वापरणाऱ्यांना त्यांचे पॅच फार आवडत.

पण तोवर कर्नल मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरचा आधार झालं होतं, आणि त्यावर काम करणारे बहुतेक जण पगारी होते. २००७ साली रेड हॅटच्या इंगो मोल्नार यांनी कोलिव्हास यांच्या कल्पनेचं श्रेय देऊन, पण स्वतःचा वेगळा शेड्यूलर लिहिला. कर्नलमध्ये गेला तो मोल्नार यांचा. त्या वर्षी कोलिव्हास यांनी कर्नलचं काम सोडलं. मोल्नार यांचा शेड्यूलर चांगला होता, आणि पूर्ण वेळ देणाऱ्या माणसाकडे एवढा नाजूक भाग सोपवण्यात व्यवहारही होता. पण रुग्णांना भूल देऊन घरी आल्यावर रात्री कोड लिहिणारा माणूस पूर्णवेळ इंजिनिअरांशी किती दिवस स्पर्धा करणार? दोन वर्षांनी ते नवा शेड्यूलर घेऊन परत आले. तो कर्नलमध्ये घ्या, असा आग्रह न धरता. ज्याला हवा त्यानं वापरावा. निखळ हौस.

अर्धा सेकंद

आता दुसरं टोक. ‘एक्सझेड’ हे फायली आकसून लहान करणारं एक साधंसं साधन. जवळपास प्रत्येक डिस्ट्रोत असतं. ते सांभाळत होते फिनलंडचेच लासे कॉलिन, जवळपास एकटे आणि बिनपगारी. २०२२च्या सुमारास मेलिंग लिस्टवर काही अनोळखी नावांनी तगादा सुरू झाला: काम हळू चाललंय, पॅच पडून आहेत, दुसऱ्याकडे द्या. कॉलिन यांनी उत्तरात आपल्या दीर्घ मानसिक त्रासाचा उल्लेख केला आणि हा विनामोबदला चाललेला छंद आहे, याची आठवण करून दिली. मदतीला एक जण तत्परतेनं हजर होता. ‘जिया टॅन’ या नावानं तो २०२१पासून चांगलं काम करत होता. हळूहळू सूत्रं त्याच्याकडेही आली.

२०२४च्या सुरुवातीला एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्यानं चोरदरवाजा बसवला. तो सगळीकडे पोहोचला असता, तर एसएसएचद्वारे, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरण्याच्या नेहमीच्या वाटेनं, असंख्य यंत्रांत घुसता आलं असतं. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर, पोस्टग्रेस या विदागारावर काम करणारे. आपल्या यंत्रावर एसएसएचनं शिरायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना ते सोडवलं नाही. माग काढत काढत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केलं. तोवर चोरदरवाजा प्रामुख्यानं डेबियन, फेडोरा यांच्या चाचणीच्या आवृत्त्यांतच शिरला होता.

ही गोष्ट सहसा फ्रॉइंड यांच्या चिकित्सक नजरेची म्हणून सांगतात. ती आहेच. पण हिशेब तपासणारी म्हणून मला त्यात दुसरी नोंद दिसते. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या ज्या खिळ्यावर टांगलेल्या होत्या, तो खिळा एका थकलेल्या माणसाच्या रविवारांत ठोकलेला होता. त्याला पगार नव्हता, रजा नव्हती, बदली माणूस नव्हता. हल्लेखोरानं कुठलंही कुलूप फोडलं नाही. त्यानं एका माणसाचा थकवा हेरला आणि मदतीचा हात पुढे केला. कंपन्यांना हौसेचं मोल कळलं नव्हतं. त्याला ते बरोबर कळलं होतं.

जमाखर्च

मग हौस सोडून द्यायची का? मी तरी सोडणार नाही. ज्या यंत्रावर माझं काम आणि माझी भाषा चालते, ते आतून उघडून बघता येतं, बिघडलं तर दुरुस्त करता येतं, आणि केलेली दुरुस्ती आठव्या मजल्यावरच्या मुलापासून ब्राझीलमधल्या बाईपर्यंत कुणालाही फुकट वापरता येते, हे सुख दुसऱ्या कुठल्या छंदात मला सापडलेलं नाही.

पण हौस हे वेतन टाळायचं निमित्त होऊ नये. जे लोक फुकट मिळालेल्या कोडवर धंदा करतात, त्यांनी वर्गणी काढावी. १९९०च्या दशकात विद्यार्थ्यांना सुचलं ते त्यांना अवघड नाही. तुमच्याआमच्याकडे एवढे पैसे नसतात. मी वर्षातून एकदा, कुणाला ठाऊक नसलेल्या एका छोट्या प्रकल्पाला जमेल तेवढी रक्कम पाठवते. तेही शक्य नसेल, तर निदान मागताना नीट मागावं. दोष कळवताना कुठली आवृत्ती, काय केलं, काय झालं हे व्यवस्थित लिहावं. ‘अजून का नाही झालं?’ असं एकट्यानं काम करणाऱ्या माणसाला विचारू नये. एक्सझेडच्या वेळी अशा प्रश्नांतून काय घडलं, ते आता आपल्याला माहीत आहे.

आणि पाच मिनिटं असतील, तर एक करून पाहा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये, फोनच्या माहितीखाली, ‘कायदेशीर माहिती’ असं काहीतरी सापडेल. त्यात मुक्तस्रोत परवान्यांची यादी असते. ती कुणी वाचत नाही. तिथे प्रकल्पांची नावं आहेत, साल आहेत, माणसांची नावं आहेत. सरकवत खाली जा. अंगठा दुखेल, यादी संपणार नाही. त्यातल्या कित्येक नावांपुढे कुणाची तरी गेलेली रविवारची दुपार लिहायला हवी होती.